पत्र्याच्या बादलीतला मोरचूद

कृषी पदविका हातात पडली आणि निफाडकडच्या एका द्राक्षबागेत सुपरवायझर म्हणून लागलो. ऑक्टोबर छाटणी नुकतीच उरकली होती. केवडा या बुरशीजन्य रोगासाठी बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं फवारणीचं मिश्रण, करायचं काम पहिल्याच आठवड्यात अंगावर आलं. प्रमाण पाठ होतं: 1 टक्क्याला 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), जवळपास तेवढाच कळीचा चुना, 100 लिटर पाणी. भांड्याचं कोण लक्षात ठेवतो? समोर पत्र्याची बादली दिसली, तिच्यातच मोरचूद भिजवला. थोड्या वेळाने पाहतो तर आतून तांबूस-काळा थर! पत्र्यावरचं जस्त विरघळत होतं आणि मोरचुदातलं तांबं तिथे बसत होतं. हीच अभिक्रिया परीक्षेत लिहून मी मार्क घेतले होते. फवारणीवाले काका एवढंच म्हणाले, "साहेब, प्लास्टिकचा ड्रम तिकडं हाय."

मोरचुदाचे खडे तळाशी टाकून काठीने ढवळत बसू नका. सुती फडक्यात बांधून पाण्यात वरच्या वर लोंबते ठेवा. निळं जड द्रावण आपोआप खाली उतरतं आणि खड्यांना ताजं पाणी मिळत राहतं. चुना वेगळ्या भांड्यात विरवायचा. पाणी पडताच तो उकळतो, तेव्हा तोंड लांब ठेवा. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या दुधासारख्या पाण्यात हळूहळू ओतायचं, ढवळत. शेवटी घासलेलं लोखंडी पातं मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस रंग चढला तर चुना कमी पडलाय. तसंच फवारलं तर कोवळी पानं करपतात.

मोरचूद रोजचा, म्हणून लोक उघड्या हातानेच मोजतात. मीही मोजायचो. एकदा त्याच हाताने घाम पुसला आणि डोळा चुरचुरायला लागला. नळाखाली पंधरा मिनिटं डोळा धरला, मग दवाखाना. नशीब, निभावलं, डोळ्याला कायमची इजाही होऊ शकते. पोटात गेला तर उलट्या होतातच, शिवाय यकृत आणि मूत्रपिंडालाही धोका. अशा वेळी मुद्दाम उलटी काढायची नाही, सरळ दवाखाना गाठायचा. वर्षानुवर्षं बोर्डो फवारणाऱ्या पोर्तुगालच्या मजुरांचा फुफ्फुसविकार डॉक्टरांनी 1969 मध्येच नोंदवला होता. आपल्याकडे मात्र मास्क गळ्यात लटकतो. आणि ड्रमचं धुवण ओढ्यात सोडू नका, मासे मरतात.

आमच्या शेडमध्ये हे निळे खडे लोणच्याच्या बरणीत होते, लेबल नाही. शेजारी मजुरांची पोरं खेळायची. मी खडे मूळ पिशवीत भरून कपाटाला कुलूप लावलं आणि बरणी फोडून टाकली. मालकीणबाई अजून त्या बरणीचं विचारतात.