अमेरिकेत कादंबरी विकायची आहे? या चुका टाळा

इंग्रजीत कादंबरी लिहिणाऱ्या मराठी मंडळींचा, मग ती पुण्यातली असोत की न्यू जर्सीतली, पहिला घोळ ठरलेला असतो. बाड थेट पेंग्विन रँडम हाउस किंवा हार्परकॉलिन्सच्या पत्त्यावर जातं. न्यूयॉर्कच्या पाच बड्या प्रकाशकांकडे एजंटाशिवाय, म्हणजे लेखकातर्फे सौदा करणाऱ्या मध्यस्थाशिवाय, आलेलं हस्तलिखित सहसा कुणी उघडतच नाही. आधी एजंट गाठा, आणि तोही कादंबरी शेवटच्या पानापर्यंत लिहून झाल्यावर. त्याला पानभर क्वेरी लेटर (कादंबरीची आणि स्वतःची ओळख करून देणारं पत्र) आणि त्याच्या वेबसाइटवर मागितली असतील तेवढीच पानं पाठवायची.

एजंट वाचायचे किंवा नोंदणीचे पैसे मागत असेल तर तिथूनच रामराम करा. खरा एजंट पुस्तक विकलं गेल्यावर १५ टक्के घेतो, परदेशी हक्कांवर बहुधा २०. नाव तपासायला ‘रायटर बिवेअर’ ही साइट आहे. फसवणुकीचे प्रकार तिथे वर्षानुवर्षं नोंदवले जातात.

खरी महागात पडणारी चूक सहीनंतरची: ॲडव्हान्सला, म्हणजे प्रकाशक रॉयल्टीपोटी आगाऊ देतो त्या रकमेला, पगार समजणं. समजा ६०,००० डॉलर ठरले. ते एकरकमी मिळत नाहीत. बहुधा तीन हप्ते, कधी चार: सही झाल्यावर, बाड मंजूर झाल्यावर, पुस्तक बाजारात आल्यावर. २०,०००च्या हप्त्यातून एजंटाचे ३,००० गेले की हातात १७,०००, त्यातून कर वेगळा. सगळे हप्ते यायला दोन-अडीच वर्षं सहज जातात. एवढ्यावर नोकरी सोडणाऱ्याला काय म्हणावं?

शिवाय रॉयल्टी आधी याच रकमेपोटी वळती होते. हार्डकव्हरवर पहिल्या ५,००० प्रतींना छापील किमतीच्या १० टक्के, पुढच्या ५,०००ना साडेबारा, नंतर १५, हा नेहमीचा दर. २८ डॉलरच्या पुस्तकाच्या १०,००० प्रती खपल्या तरी ३१,५०० डॉलरच फिटतात. नुसत्या हार्डकव्हरवर ६०,००० फेडायला जवळपास १६,८०० प्रती लागतील. नाही फिटले तरी पैसे परत मागत नाहीत, पण खपाचे आकडे बुकस्कॅन या पुस्तकविक्री मोजणाऱ्या सेवेवर दिसतात आणि दुसऱ्या कादंबरीच्या वेळी संपादक तेच आधी बघतो.

प्रकाशनातले सौदे जाहीर होतात त्या ‘पब्लिशर्स मार्केटप्लेस’ साइटवर कुणाच्या नावापुढे ‘नाइस डील’ वाचून जळू नका. त्या भाषेत ४९,००० डॉलरपर्यंतचा कुठलाही सौदा ‘नाइस’च असतो, एका डॉलरचासुद्धा.

दोन पुस्तकांचा करार असेल तर दोन्हींचा हिशेब एकत्र धरलाय का, ते बघा. तसं असेल तर पहिलं पुस्तक कितीही चाललं तरी दोन्हींचा मिळून ॲडव्हान्स फिटेपर्यंत रॉयल्टीचा चेक येत नाही. एजंटाला हे कलम काढायला सांगा. सही करण्याआधी, नंतर उपयोग नाही.

पुस्तक घेणारा संपादक मध्येच नोकरी सोडून गेला तर घाबरून सगळ्यांना मेल धाडू नका. या धंद्यात खालच्या पगारांवर माणसं टिकणं कठीण. २०२२ च्या नोव्हेंबरात हार्परकॉलिन्सच्या कर्मचाऱ्यांनी संप केला तेव्हा सुरुवातीचा पगार वर्षाला ४५,००० डॉलर होता, न्यूयॉर्कमध्ये! नवा संपादक कोण, हे एजंटाकरवी विचारा आणि त्याच्याशी लवकर बोलणं ठरवा.

भारतात राहून लिहीत असाल तर डब्ल्यू-८ बेन हा अमेरिकी कर खात्याचा परदेशी लोकांसाठीचा फॉर्म पॅन नंबरासह एजंटाच्या ऑफिसात वेळेत द्या. राहिला तर रॉयल्टीतून ३० टक्के कर कापला जातो. भारत-अमेरिका करारानुसार तो १५ टक्क्यांवर येतो.