चहाचे चमचे जातात कुठे?

चहाचा छोटा चमचा म्हणजे स्वयंपाकघरातली सगळ्यात गोंडस वस्तू, आणि नेमका तोच गायब होतो! मेलबर्नच्या बर्नेट इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी ७० चमच्यांवर गुपचूप नंबर टाकून पाच महिने पाळत ठेवली. ५६ बेपत्ता! २००५ साली हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापूनही आलं. सगळ्यांच्या सामायिक खोलीतले चमचे लवकर गेले; महाग की स्वस्त, याने फरक पडला नाही. म्हणून ऑफिससाठी स्वस्तातलेच घ्या आणि आपल्या टीमच्या खणात ठेवा. घरी मात्र खरकटं टाकण्याआधी एकदा हाताने चाळा. चहाच्या चोथ्याखाली, बटाट्याच्या सालींना चिकटून एखादा हमखास सापडतो. डब्याची पिशवीही झटका.