बेस गिटार शिकताय? डाव्या हाताच्या या चुका टाळा, मी सगळ्या करून बसलोय

मे महिन्याची दुपार, बाहेर ४५ डिग्री, कूलर भणभण करतोय आणि मी पलंगावर बसून बेसवर स्पायडर मारतोय. स्पायडर म्हणजे पहिल्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे दांडीवरची धातूची पट्टी आणि तिच्यामागची जागा) एकेका फ्रेटवर एकेक बोट, १-२-३-४, मग पुढची तार, परत तेच. मोबाईलवर कोण्या भाऊने सांगितलं होतं की रोज अर्धा तास करा, बोटं उघडतात. बोटं काही उघडली नाहीत, तिसऱ्या आठवड्यात सकाळी चहाचा कप उचलताना मनगटात आतून अशी कळ गेली की कपच ठेवून दिला. आई म्हणे, "काऊन रे, हात तोडून घेतं का त्या गिटारच्या पायी?" तिला बेस आणि गिटार सारखंच, पण मुद्दा बरोबर होता.

पहिली चूक, आणि हीच सगळ्यात मोठी: गिटारची बोटं बेसवर

प्रत्येक फ्रेटला एक बोट ही पद्धत वाईट नाही हो, फक्त ती कुठे वापरायची हे कोणी सांगत नाही. घरी टेप असेल तर स्वतः मोजून बघा. नेहमीच्या बेसची स्केल लेंथ, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ३४ इंच असते, इलेक्ट्रिक गिटारची साधारण साडेपंचवीस. पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचं अंतर गिटारवर पावणेदहा सेंटीमीटरच्या आसपास येतं आणि बेसवर १३. म्हणजे तेवढा पंजा सारखा ताणून धरायचा, वरून जाड तार दाबायची, आणि नवीन माणूस हे पुरवायला काय करतो तर मनगट वाकवतो. बोटं वाकवणाऱ्या कंडरा (स्नायूंच्या दोऱ्या) मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून जातात, हाताची एक मोठी नस पण त्याच बोगद्यातून जाते, मनगट खूप वाकलं की आत दाब वाढतो. वाकलेल्या मनगटानं जोर लावत राहिलं की दुखणारच.

उपाय जुनाच आहे, उभ्या डबल बेसवाल्यांचा (ते व्हायोलिनसारखं दिसणारं मोठं वाद्य). व्हिएन्नात शिकवणारा फ्रान्झ सिमांडल, १८४० ते १९१२, याच्या नावानं ही पद्धत ओळखतात: तर्जनी १, मधलं बोट २, करंगळी ४, आणि अनामिका स्वतंत्र वाजवत नाही, करंगळीसोबत खाली जाते आणि तिला जोर देते. चार बोटांत तीन फ्रेट. पहिल्या ते तिसऱ्या फ्रेटपर्यंत हे ९ सेंटीमीटरच्या आतच बसतं. अनामिका आणि करंगळी तशाही एकमेकींना सोडून हलत नाहीत (हात टेबलावर ठेवून मधलं बोट आत दुमडा आणि फक्त अनामिका उचलून बघा, कळेल), मग त्यांना जबरदस्तीनं वेगळं काऊन करायचं?

लगेच करून बघायचं असेल तर जी मेजर स्केल (सुरांची सरगम) घ्या. बेसच्या तारा जाडीकडून पातळीकडे ई, ए, डी, जी. हात असा ठेवा की १ दुसऱ्या फ्रेटवर, २ तिसऱ्यावर, ४ चौथ्यावर. ई तारेवर तिसरा फ्रेट बोट २ नं, मग ए तार मोकळी, ए तारेवर दुसरा फ्रेट बोट १, तिसरा बोट २, डी मोकळी, डी वर दुसरा बोट १, चौथा बोट ४, आणि शेवटी जी मोकळी. पूर्ण स्केल झालं आणि हात जागचा हलला नाही. रूट-फिफ्थ-ऑक्टेव्ह (मूळ सूर, त्याचा पाचवा, आणि वरचा तोच सूर) पण असंच: ई तारेचा तिसरा फ्रेट बोट १ नं, ए आणि डी दोन्हींचा पाचवा करंगळीनं. ऑर्केस्ट्रातली अर्धी गाणी तर एवढ्यावरच निघतात.

मग प्रत्येक फ्रेटला एक बोट कधी? सातव्या ते दहाव्या फ्रेटचं अंतर सव्वानऊ सेंटीमीटरच्या आत येतं, म्हणजे गिटारच्या पहिल्या ते चौथ्या फ्रेटच्या अंतरापेक्षाही कमी. तिथून वर बिनधास्त वापरा. पाचव्या-सहाव्यावर ज्याचा त्याचा पंजा. लांब बोटंवाले माझे मित्र खालीही तसंच वाजवतात आणि त्यांना काही होत नाही, पण त्यांचं बघून मी केलं ते बघितलंच तुम्ही.

जागा बदलताना अंगठा चिकटून राहतो

१-२-४ मध्ये हात जास्त वेळा सरकवावा लागतो, हे खरं आहे, आणि लोक याच कारणानं सोडतात. पण सरकताना अंगठा मागेच राहिला तर परत तोच ताण. अंगठा नेकच्या (बेसच्या दांडीच्या) मागे, साधारण मधल्या बोटासमोर, नुसता टेकलेला, आणि हात निघाला की तोही निघाला. पकड जास्त होतेय का बघायचं तर अंगठा पूर्ण सोडून एक ओळ वाजवा, बेसची बॉडी उजव्या हातानं अंगाशी धरून. नोट आली ना? मग एवढा आवळत काय होता?

बझ (तारेची खरखर) येतो म्हणून अजून जोरात दाबणं

बहुतेक वेळा बोट दोन फ्रेटच्या मधोमध पडलेलं असतं. ते पुढच्या पट्टीच्या अगदी मागे न्या, निम्म्या जोरात नोट स्वच्छ येते. तरीही येत नसेल तर दोष बेसमध्ये असू शकतो. मी नागपुरात बर्डीवरून घेतलेला बेस दुकानातून निघाला तेव्हाच तारा एवढ्या उंच होत्या की खालून पेन्सिल जाईल. बाराव्या फ्रेटवर दोन-अडीच मिलीमीटर उंची नवीन माणसाला पुरते, सेटअप (तारांची उंची, नेक नीट लावणं) करून घ्या, आणि ४५-१०५ जाडीच्या तारा जड वाटत असतील तर ४०-९५ च्या पातळ लावा. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी ठक्क आणि जुलैत एकदम दमट, त्यात लाकडी नेक थोडी हलते, त्यामुळे एप्रिलमध्ये नीट असलेला बेस पावसाळ्यात बझ करायला लागला तर बोटांना दोष देण्याआधी नेक तपासा. आणि कूलरच्या तोंडासमोर उभा करून ठेवू नका.

खांद्यावरच्या पट्ट्याचं थोडक्यात: बसून बेस जिथे असतो तिथेच उभं राहून यायला हवा. गणपतीत स्टेजवर भारी दिसावं म्हणून मांडीपर्यंत सोडला की डावं मनगट आपोआप मोडतं.

दुखलं तर

बोटांची टोकं हुळहुळणं चालतं, काही आठवड्यांत कातडी घट्ट होते. मनगटात कळ, अंगठ्याच्या बुडाशी दुखणं, मुंग्या, रात्री हात बधिर होऊन जाग येणं, हे चालत नाही, तेव्हा "वाजवून वाजवून मोकळं होईल" म्हणू नका, बेस ठेवा आणि ऑर्थोपेडिक किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. मी पंधरा दिवस हात लावला नाही, मग दहा-दहा मिनिटांनी सुरुवात केली, तीही सातव्या फ्रेटवरून, आणि पहिल्या फ्रेटवर दिवाळीनंतरच आलो.