पहिल्यांदा स्पार्क प्लग बदलताना

स्वतःच्या गाडीच्या इंजिनाला पहिल्यांदाच हात लावायचा असेल, तर सुरुवात स्पार्क प्लगांपासून (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणाऱ्या भागांपासून) करावी, असे माझे ठाम मत आहे. ऑइल बदलायचे म्हटले की गाडीखाली शिरावे लागते, आणि सोसायटीच्या उतरत्या पार्किंगमध्ये जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाणे मला कधीच सुरक्षित वाटलेले नाही. प्लगचे काम मात्र बॉनेट उघडून उभ्याउभ्याच होते. पुढील वर्णन प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल (ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज देणारा भाग) असलेल्या चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीचे आहे. डिझेल गाडीत स्पार्क प्लग नसतातच.

प्लग विकत घेताना दुकानदाराच्या आठवणीवर न विसंबता गाडीच्या पुस्तिकेतला क्रमांक लिहून न्यावा. मुंबईत सीएनजीवर चालणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत आणि त्यांच्या मालकांनी येथे अधिक लक्ष द्यावे, कारण गॅसच्या मिश्रणात ठिणगी पडण्यासाठी जास्त व्होल्टेज लागते. त्यामुळे प्लग लवकर झिजतात आणि त्यांच्या टोकांमधले अंतर अनेकदा पेट्रोलपेक्षा कमी ठेवावे लागते. मात्र गॅसच्या नळ्यांना आणि जोडांना नवख्याने हात लावू नये. हत्यारे मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर मिळतात: १० मिमीचा पाना, प्लगच्या मापाची आतून रबर असलेली गोटी, म्हणजे सॉकेट (नव्या गाड्यांत बहुधा १६ मिमीची, जुन्यांत २१ मिमीची), लांब एक्स्टेंशन, फिलर गेज (फटीतले अंतर मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना). वीतभर रबरी नळीही जवळ ठेवावी. तिचा उपयोग पुढे सांगतो.

इंजिन पूर्ण थंड असले पाहिजे. हेड, म्हणजे प्लग ज्यात बसतात तो सिलिंडरांवरचा भाग, ॲल्युमिनियमचे असते आणि तापलेल्या हेडातून प्लग फिरवून काढताना आटे खरवडले जाण्याचा धोका असतो, म्हणून गाडी रात्रभर उभी ठेवून रविवारी सकाळी काम करावे. पावसाळ्यात उघड्यावर हे काम करूच नये, कारण एकदा कॉइल काढली की प्लगची विहीर, म्हणजे तो ज्यात बसतो तो खोल खड्डा, उघडी पडते. आधी बॅटरीची ऋण टोकाची तार सोडवावी. मग कॉइलच्या कनेक्टरची खिटी दाबून तो ओढावा. इंजिनाच्या उष्णतेने हे प्लास्टिक ठिसूळ झालेले असते, त्यामुळे पेचकसाने उचकटू नये. कॉइल हलकेच फिरवत वर काढल्यावर विहिरीतली धूळ हवेच्या फुंकणीने उडवावी, नाहीतर प्लग निघताच ती सिलिंडरमध्ये पडेल. एका वेळी एकच प्लग काढावा, म्हणजे कॉइलींची अदलाबदल होत नाही. विहिरीत ऑइल दिसले, तर टॅपेट कव्हरचे (हेडावरच्या झाकणाचे) सील गळत आहेत असे समजावे आणि ते ऑइल पुसून काढल्याशिवाय प्लगला हात लावू नये.

निघालेल्या प्लगचे टोक नीट पाहावे. फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग हा निरोगी इंजिनाचा असतो. कोरडी काळी काजळी जास्त पेट्रोल जळत असल्याचे किंवा एअर फिल्टर तुंबल्याचे सुचवते, ओला तेलकट थर ऑइल सिलिंडरमध्ये येत असल्याचे.

खरी कसोटी नवा प्लग बसवताना लागते. मी पहिल्यांदा हे काम केले तेव्हा तिसऱ्या सिलिंडरचा प्लग रॅचेटने (गोटी फिरवायच्या दांड्याने) फिरवायला घेतला आणि दीड फेऱ्यांतच तो जड लागू लागला. मी थांबलो, उलटा फिरवून बाहेर काढला, तेव्हा पहिल्या आट्यावर केसासारखी बारीक, चमकदार ॲल्युमिनियमची कड चिकटलेली होती. आणखी एक फेरी रेटली असती, तर हेडाचे आटे गेले असते आणि त्यांत नवीन आटे बसवून घेण्यासाठी गाडी टो करून न्यावी लागली असती. तेव्हापासून मी प्लगच्या वरच्या टोकावर रबरी नळी खोचतो आणि ती बोटांनी फिरवत प्लग आत उतरवतो: आधी उलट्या दिशेने, आटा खाली पडल्याची अस्पष्ट ‘टक’ हाताला जाणवेपर्यंत, आणि मगच सुलट. आटे चुकले, तर जोर न पडता नळीच घसरते.

बोटांनी पूर्ण बसल्यानंतरच पाना घ्यावा. १४ मिमी आट्यांच्या, वॉशर असलेल्या प्लगसाठी ॲल्युमिनियमच्या हेडात आवळण्याचा जोर साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतो. पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच प्रमाण मानावा. आट्यांना ग्रीस लावू नये, कारण त्यामुळे तोच आकडा प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. इरिडियम प्लगचे मधले टोक अतिशय नाजूक असते, तेथे फिलर गेज दाबून अंतर बदलण्याचा प्रयत्न करू नये.

शेवटी कॉइल, कनेक्टर आणि बॅटरीची तार जोडून गाडी सुरू करावी आणि दोन मिनिटे रेस न देता ऐकावी. इंजिन मिसिंग करत असेल, म्हणजे मध्येमध्ये अडखळत असेल, तर बहुधा एखाद्या कनेक्टरची खिटी ‘कट’ असा आवाज करून बसलेली नसते. गाडी बंद करून तेच आधी तपासावे. जुने प्लग नव्यांच्या खोक्यांत भरून प्रत्येकावर सिलिंडरचा क्रमांक आणि गाडीचे किलोमीटर लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी तुलनेसाठी तेच उपयोगी पडतात.