पेन्शन ते पोटगी: सोलापुरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या वतीने कुणी आणि कसं उभं राहायचं

सोलापुरात अख्खं आयुष्य विड्या वळण्यात नाहीतर यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेली माणसं गल्लोगल्ली आहेत, पोरं पुण्याला कामाला आणि घरात एकटी आजी नाहीतर आजोबा. योजना आहेत, कायदा पण आहे, पण ऑफिसच्या पायऱ्या चढणार कोण? म्हणून हे मुद्दाम शेजारणीसाठी, भाच्यासाठी, गल्लीतल्या कॉलेजच्या पोरासाठी लिहितोय. म्हाताऱ्या माणसाच्या वतीने दुसऱ्याने बोलायची सोय कायद्यातच आहे आणि ती बऱ्याच जणांना माहीतच नसते.

सुरुवात आधारपासून करा. नाव, जन्मतारीख, मोबाईल नंबर तिन्ही बघा, नंबर जवळ राहणाऱ्याचा हवा, पुण्यातल्या पोराच्या फोनवर ओटीपी गेला की काम तिथंच अडकतं. विडी कामगार बायकांची अडचण वेगळीच, वर्षानुवर्षं पानं कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन अंगठा घेतच नाही. आजीला तसंच घरी परत आणू नका, डोळ्यांच्या स्कॅनने किंवा चेहऱ्यावरून ओळख पटते का ते तिथंच विचारा.

मग बँक. खातं त्यांच्या स्वतःच्या नावावर पाहिजे, आणि ‘आधार लिंक आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका, डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, आधार सीडिंग (पैसे याच खात्यात यावेत अशी आधारची नोंद) झालंय का ते स्पष्ट विचारा. दोन बँकांत खाती असतील तर सरकारी पैसे ज्या खात्याला शेवटचं सीडिंग झालंय तिकडे जातात, पैसे आलेच नाहीत अशी तक्रार असेल तर आधी दुसरं पासबुक भरून आणा.

आता पेन्शन. वय 65 पूर्ण, महाराष्ट्रात किमान 15 वर्षं वास्तव्य आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत असेल तर श्रावणबाळ योजनेत महिन्याला 1,500 रुपये मिळतात. ही 21,000 ची अट आजच्या महागाईत फारच तोकडी आहे, ती वाढायलाच पाहिजे, पण सध्या दाखला तसाच लागतो. अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत किंवा सेतूतून करायचा, सोबत उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, वयाचा पुरावा, रेशन कार्ड, आधार, पासबुक, फोटो. शाळेचा दाखला नसेल तर सरकारी दवाखान्यातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला चालतो. अर्ज दिला की पोच घ्याच, पोच नसेल तर पुढच्या वेळी विचारायला तुमच्या हातात काहीच नसतं. आणि पेन्शन सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नका.

जाता जाता अजून दोन गोष्टी. 70 पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. एसटीला 65 ते 75 वयापर्यंत हाफ तिकीट आणि 75 नंतर प्रवास मोफत.

आता जे बोलायला सगळेच कचरतात ते. पोरं बघत नसतील तर काय? 2007 चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा आहे, त्यात प्रांताधिकाऱ्यांकडे, म्हणजे निर्वाह न्यायाधिकरणाकडे पोटगीसाठी अर्ज करायचा. पोरगा पुण्यात असला तरी अर्ज सोलापुरातच करता येतो, आजी जिथं राहते तिथं. मुलगा, मुलगी, सज्ञान नातवंडं सगळ्यांवर जबाबदारी येते, आणि अपत्यच नसेल तर ज्याला इस्टेट मिळणार त्या नातेवाइकावर.

अर्ज साध्या कागदावर, साध्या भाषेत लिहा. ‘माझं वय 72, नवरा वारला, औषधाला महिन्याला इतके लागतात, थोरला मुलगा अमुक ठिकाणी नोकरीला आहे, अमुक महिन्यापासून पैसे देत नाही.’ एवढं पुरतं, मुलाचा पत्ता मात्र नीट लिहा. आजीला चालवत नसेल तर तिने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था तिच्या वतीने अर्ज करू शकते, म्हणून अधिकारपत्रावर तिची सही किंवा अंगठा घ्या. इथे वकील लागत नाही, कलम 17 प्रमाणे वकील उभेच राहू शकत नाहीत. समाजकल्याणचे निर्वाह अधिकारी तिची इच्छा असेल तर तिची बाजू मांडतात, हे तिला आधीच समजावून सांगा, म्हणजे ‘आता कोर्टकचेरी कुठं करू’ ही भीती जाते.

नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल अपेक्षित आहे, अपवादात्मक परिस्थितीत अजून 30 दिवस. तोवर घर चालायला अंतरिम रक्कम मागता येते, ती अर्जातच मागा. महिन्याला जास्तीत जास्त 10,000 रुपयांपर्यंत पोटगीचा आदेश होतो. सांभाळायच्या अटीवर घर लिहून दिलं असेल आणि आता सांभाळत नसतील तर कलम 23 खाली तो व्यवहार रद्द करायची मागणी पण होते, त्यासाठी बक्षीसपत्राची प्रत जोडा आणि त्यात ती अट लिहिलीय का ते आधी वाचून घ्या.

कुठं अडलात तर 14567 वर फोन करा, ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. निकाल मान्य नसेल तर अपील 60 दिवसांत. आणि आदेश होऊनही पोराने पैसे थांबवले तर लाजेखातर गप्प बसू नका, हप्ता थकल्यापासून तीन महिन्यांच्या आत वसुलीचा अर्ज त्याच न्यायाधिकरणात द्यावा लागतो.