जुन्या स्कॉर्पिओचे इंजेक्टर: भोकाच्या तळाशी काय आहे ते आधी बघा

आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड एका वर्षाचा. सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारा इंजेक्टर कापून टेबलावर बघायला मिळतो. सुई, स्प्रिंग, सोलेनॉइड सगळं पाठ होतं. साडेतीन लाख किलोमीटर पळालेली फोर बाय फोर स्कॉर्पिओ मात्र तिथे भेटत नाही, आणि पहिल्या नोकरीत नेमकी तीच दारात उभी राहते. कॉमन रेल कशाला म्हणतात, रिटर्न लाइन कुठली, एवढं तुम्हाला येतं असं धरून पुढचं लिहितोय.

गिऱ्हाईक म्हणालं म्हणून इंजेक्टर गेलेले नसतात. गरम इंजिन स्टार्ट व्हायला रडतंय, घाट चढताना काळा धूर, आयडलला ठोका, ऑइलची पातळी वाढलेली आणि डिपस्टिकला डिझेलचा वास, एवढं जुळलं तर संशय घ्या. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या इंजेक्टरमधून जास्त परत जातं, रेलमध्ये, म्हणजे चारही इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, दाब उभाच राहत नाही. म्हणून सकाळी गार असताना गाडी शहाण्यासारखी वागते. खात्रीसाठी रिटर्न, म्हणजे इंजेक्टरमधून परत जाणारं डिझेल, मोजा. चारही रिटर्न नळ्या काढून सलाइनच्या नळीने चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या आणि इंजिन चालू ठेवायचं. एखादी बाटली बाकीच्यांच्या कितीतरी आधी भरली, तर तो इंजेक्टर झिजला. हा जुगाड मला मान्य आहे. त्यासाठी महागडा सेट घ्यायला पहिल्या पगारात कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

डिझेल फिल्टरही कापून बघा. आत चंदेरी चुरा चमकला तर हाय प्रेशर पंप स्वतःला खातोय. मग काम तिथेच थांबवा, कारण त्या पंपावर नवे इंजेक्टर टाकले तर तेही जातील. आणि एवढ्या चाललेल्या गाडीचं कॉम्प्रेशन न मोजता इंजेक्टरची ऑर्डर देऊ नका.

एक सवय आजच सोडा. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत मिसिंग, म्हणजे कुठला सिलिंडर पेटत नाही ते, शोधायला चालू इंजिनवर एकेका पाइपचं नट सैल करायचे. बरेच जुने मिस्त्री आजही तसंच शिकवतात. कॉमन रेलवर हे करायचं नाही. आयडललाच दोनशे-तीनशे बार असतात, जोर दिला की हजाराच्या वर जातात. ती धार कातडीतून आत शिरते. बाहेर टाचणी टोचल्याएवढं दिसतं आणि आतून बोट निकामी होतं. असं झालंच तर हळद लावून कामाला लागू नका, सरळ हॉस्पिटल गाठा आणि डिझेल आत शिरलंय हे डॉक्टरांना सांगा. इंजिन बंद केल्यावरही थोडा वेळ जाऊ द्या, मगच पाना लावा.

आता मूळ मुद्दा. मला ज्याने नाचवलं ते.

आमच्याकडे आलेल्या एका स्कॉर्पिओचे इंजेक्टर आधी दुसरीकडे बदललेले होते. तक्रार तीच राहिलेली: ठोका, धूर, आणि बॉनेट उघडलं की चफ-चफ आवाज. मी इंजेक्टर काढून पंप-नोझलवाल्या, म्हणजे डिझेल पंप आणि इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्या, चाचांकडे नेले. त्यांनी तपासणीच्या बेंचवर लावले, चारही पास. परत बसवले, ठोका तसाच. पुन्हा काढले, पुन्हा पास. वायरिंग बघितलं, सेन्सर बघितले, झोप गेली. शेवटी चाचाच म्हणाले, "इंजेक्टर ब्येस हाईत रं. भोकात काय हाय ते बघ."

भोकात दोन वॉशर होते. इंजेक्टरच्या टोकाखाली तांब्याचा वॉशर असतो, ज्वलनाचा दाब तोच अडवतो. इंजेक्टर बाहेर येताना तो बरेचदा सोबत येत नाही. तळाशी चिकटून राहतो, त्यावर कार्बन चढतो आणि दुधाच्या पातेल्याच्या बुडाला धरलेल्या खरपुडीसारखा तो हेडचाच भाग वाटतो. मग नव्या इंजेक्टरला नवा वॉशर लावून कुणीतरी वरून ठोकून देतो. इंजेक्टर दीड-दोन मिलिमीटर वर बसतो. पिस्टनच्या वाटीत जायचा फवारा भलतीकडे आदळतो. खालचा चेपलेला वॉशर सील धरत नाही, गॅस बाजूने वर येतो आणि भोकात डांबरासारखा कार्बन भरतो. पुढच्या वेळी तोच इंजेक्टर पुलरलाही दाद देत नाही.

म्हणून चार इंजेक्टर निघाले की टेबलावर चार वॉशर दिसलेच पाहिजेत. कमी दिसले तर उरलेला खाली आहे. चार दिसले तरी गाडी आधी कुणी उघडली असेल तर भरवसा ठेवू नका. व्हर्नियरच्या मागच्या दांडीने चारही भोकांची खोली मोजा. एखादं उथळ निघालं तर तिथे पाहुणा बसलाय. चारही सारखी आली तरी बॅटरी मारून तळ हलकेच खरवडा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, पांढरट चमकतं; वॉशर असेल तर लालसर. तो काढायला स्क्रूड्रायव्हर खुपसू नका, सीटला, म्हणजे वॉशर टेकतो त्या तळाला, ओरखडा पडला की संपलं. निमुळता टॅप हलक्या हाताने वॉशरमध्ये फिरवून वर ओढा.

नंतर सीट कटर. हाताने, अलगद, फक्त कार्बन जाईपर्यंत. कटरला ग्रीस चोपडा, म्हणजे चुरा सिलिंडरमध्ये न पडता त्याला चिकटतो. उरलेला व्हॅक्यूमने ओढून घ्या. ड्रिलला कटर लावून "दोन मिनिटांत करतो" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. जुना वॉशर लाल तापवून पाण्यात बुडवून परत वापरणाऱ्यापासूनही. तांबं मऊ होतं हे खरं, पण चेपलेली जाडी परत येत नाही. नवा वॉशर इंजेक्टरच्या मानाने फुकट म्हणावा इतका स्वस्त.

इथवर वाचून घाबरला असाल तर तसं कारण नाही. सीट साफ असली की उरलेलं काम सोपं आहे. काढताना रुजून बसलेला इंजेक्टर रात्रभर गंज सोडवणाऱ्या तेलात भिजू द्या, डावीकडे-उजवीकडे थोडा थोडा फिरवा, घाई नको. क्लॅम्प सैल ठेवून इंजिन मारायचं, म्हणजे कॉम्प्रेशनने इंजेक्टर आपोआप उडतो, असं सांगणारे उस्ताद आहेत. त्यांच्यासमोर मान हलवा आणि करू नका. बसवताना आधी पाइपचे नट हाताने लावून घ्या, मग क्लॅम्प टॉर्क पान्याने, शेवटी पाइप घट्ट. उघड्या तोंडांना टोप्या घाला, पुसायचं बनियनच्या चिंध्यांचं वेस्ट जवळ आणू नका. त्याचा एक धागा नोझल अडवायला पुरतो. इंजेक्टरच्या डोक्यावरच्या कोडचा फोटो बसवण्याआधीच काढून ठेवा, कुठला कितव्या सिलिंडरला ते लिहून. स्कॅनरने ते कोड भरले नाहीत तर नवे इंजेक्टरही जुन्यासारखेच ठोकतील, आणि दोष पार्टला जाईल.

पार्टचं म्हणाल तर जुने लोक अजून "मायको"च मागतात. २००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं, तरी नाशिकला सर्कल मायकोचाच. नोझलचा कारखाना तिथे सातपूरला, स्कॉर्पिओही नाशिकचीच, पण डुप्लिकेट खोकी सगळीकडे मिळतात. ओळखीच्या पंप-नोझलवाल्याकडूनच घ्या. रिपेअर केलेला इंजेक्टर घेतलात तर बेंचचा रिपोर्ट आणि नवा कोड मागून घ्या. शिकायचंही त्याच्याच दुकानात. मोठ्या वर्कशॉपमध्ये हेल्परला बॉनेटखाली डोकावू देत नाहीत. चाचांच्या बेंचपाशी उभं राहून मी जेवढं शिकलो तेवढं अप्रेंटिसशिपमध्ये नाही.

गाडी गरम झाली की प्रत्येक इंजेक्टरच्या बुडाशी साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे आले तर त्याच दिवशी उघडा. आणि सीट साफ करण्याची मजुरी बिलात वेगळ्या ओळीत लिहा. गिऱ्हाईक घासाघीस करेलच, तेव्हा काढलेला जुना वॉशर हातात द्या.