कुत्र्याला मोतीबिंदू? या चुका टाळा

म्हाताऱ्या कुत्र्याचा डोळा धुरकट दिसला की रंकाळ्यावर फिरायला येणारं कोणीतरी हमखास सांगतं, "मोतीबिंदू हाय, पिकू दे, मग काढ." यातलं पहिलं वाक्य बऱ्याचदा चुकतं आणि दुसरं महागात पडतं.

सहा-सात वर्षांनंतर डोळ्यातलं भिंग घट्ट होऊन निळसर झाक येते. तो मोतीबिंदू नव्हे, कुत्र्याला दिसतही असतं. रात्री दिवे घालवून हातभर लांबून टॉर्च मारा. डोळा नेहमीसारखा चमकला तर बहुधा वयाची झाक. चमकेच्या आड डाग आला तर मोतीबिंदूची शंका. नक्की काय ते डॉक्टरच सांगतील.

पिकण्याची वाट बघणं ही माणसांच्या जुन्या ऑपरेशनच्या काळातली गोष्ट. आता भिंग ध्वनिलहरींनी फोडून ओढून घेतात. पिकलेल्या भिंगातली प्रथिनं झिरपली की डोळ्याच्या आत सूज येते, दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि तो दुखतो. डोळा लाल झाला, कुत्रं तो मिटून घेऊ लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

थोड्याच दिवसांत दोन्ही डोळे पांढरे झाले? आधी रक्तातली साखर तपासा. पाण्याचं भांडं सारखं रिकामं होतंय का, लघवी वाढलीय का, बघा. मधुमेह झालेल्या बहुतेक कुत्र्यांना वर्षभरात मोतीबिंदू होतो. आपल्याकडं चहाबरोबर गुळाचा खडा कुत्र्यालाही मिळतो. इन्सुलिन चालू असेल तर हा लाड बंद.

डोळ्यात मध, गुलाबपाणी घालू नका. आज्जींच्या ऑपरेशननंतर उरलेले थेंब तर नकोतच: त्यात स्टेरॉइड असलं आणि बुबुळावर जखम असली, तर डोळाच जायचा. मोतीबिंदू विरघळवणारे खात्रीचे थेंब अजून तरी नाहीत, जाहिरात काहीही म्हणो.

ऑपरेशनआधी डोळ्याच्या मागच्या पडद्याची तपासणी टाळू नका. लॅब्राडोर, कॉकर, पूडलमध्ये पडदा आनुवंशिक आजारानं निकामी झालेला असू शकतो. मग भिंग बदलूनही अंधारच. ऑपरेशननंतर गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस घाला, कारण गळा आवळला की डोळ्यातला दाब वाढतो.

ऑपरेशन जमणार नसलं तरी सुजेचे थेंब आणि दाबाची तपासणी सोडता येत नाही.